एका थाळाभोवती आठजण

नमस्कार श्रोतेहो.

ज्या घराचा पत्ता काल-परवापर्यंत आपल्याला ठाऊक नव्हता, त्या घरी पैसे भरून जेवायला जायचं, आणि शेजारी कोण बसणार हेही माहीत नसायचं. बाहेर पाटी नाही, गल्ल्यावर मालक नाही, ऑर्डर घ्यायला वेटर नाही. मुंबईत अशी जेवणं आता बऱ्यापैकी रुळली आहेत. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे, कारण मला ती मनापासून आवडतात.

त्यातलं सगळ्यांत गाजलेलं घर कुलाब्याचं. साधारण दहा वर्षांपूर्वी मुनाफ कपाडिया या तरुणानं मित्रमंडळींना ईमेल धाडली, की आमच्या घरी या आणि आईच्या हातचं बोहरी जेवण जेवा. मुनाफ तेव्हा गूगलमध्ये नोकरीला होता. पुढे ती नोकरी सोडून तो याच कामाला लागला आणि ‘द बोहरी किचन’चं नाव झालं. धंद्याची ही गोष्ट अनेकांनी सांगितली आहे. मला सांगायचं आहे ते थाळाबद्दल.

बोहरी घरात प्रत्येकाचं वेगळं ताट नसतं. जमिनीवर कापड अंथरतात, त्यावर एक कडं ठेवतात आणि कड्यावर भलामोठा थाळ. भोवती सात-आठजण मांडी घालून बसतात. घरातलं कुणीतरी चिलमची, म्हणजे हात धुवायचं पसरट भांडं, आणि लोटा घेऊन येतं आणि प्रत्येकाच्या हातावर पाणी घालतं. मग चिमूटभर मीठ जिभेवर. जेवणाची सुरुवात मिठानं आणि शेवटही मिठानंच. मधे गोड, मग तिखट-खारं, पुन्हा गोड. आपल्यासमोरच्या भागातलं खायचं, आणि थाळात दाणाही टाकायचा नाही.

अशा एका थाळावर मी बसले आहे. आधी खिम्याचे समोसे आले, कोळशाचा धूर दिलेले. ज्यानं त्यानं आपापला उचलला, माना खाली, बोलणं जेवढ्यास तेवढं. मग मधोमध आली राण, मटणाची अख्खी तंगडी. आता हात कुणी घालायचा? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी समोरच्या एका वयस्कर गृहस्थांनी हाडापासून मांस सोडवलं आणि पहिला तुकडा शेजारच्या कॉलेजातल्या मुलीपुढे ठेवला. तिनं पुढचा तुकडा पलीकडच्या बाईंना दिला. “तुम्ही राहता कुठे?” हा प्रश्न त्यानंतर निघाला, आणि मग बडबड थांबेचना.

वेगवेगळी ताटं मांडून अनोळखी माणसांना एका टेबलाशी बसवलं, की ओळखी होतातच असं नाही. तिथे यजमानाला झटावं लागतं. पॅरिसमध्ये जिम हेन्स नावाचे अमेरिकन गृहस्थ १९७८पासून दर रविवारी आपल्या घरी जेवण ठेवत. कुणीही फोन करून नाव नोंदवावं आणि यावं. स्वयंपाक बहुधा मित्रमैत्रिणी करत. हेन्स स्वतः पाहुण्यांची नावं लक्षात ठेवून घरभर फिरायचे आणि याची त्याच्याशी गाठ घालून द्यायचे. २०२१ साली ते गेले. थाळावर ही मेहनत निम्म्यानं वाचते. समोरच्याचा वेग पाहिल्याशिवाय तिथे नीट जेवताच येत नाही.

परक्याला घरात जेवू घालून पैसे घेणं मुंबईला नवं नाही. गिरणगावातल्या बायकांनी दहा-बारा फुटांच्या खोल्यांत खानावळी चालवल्या आणि गिरणी कामगारांची पोटं भरली. सावकाराच्या व्याजातून त्यांना सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेची कर्जं मिळवून दिली. त्या खानावळी गरजेतून आल्या, आजची ही जेवणं हौसेची, हा फरक मोठा आहे. पण चूल एका बाईच्या घरातली आणि जेवणारा बाहेरचा, हे दोन्हीकडे सारखंच. म्हणून अशा घरी जाताना गिऱ्हाइकाचा रुबाब उंबऱ्याबाहेर ठेवावा, असं मला आग्रहानं सांगायचं आहे.

यजमानाकडे एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी आहे का, हे आधी निःसंकोच विचारा, तो तुमचा हक्क आहे. काय खात नाही, कशाची ॲलर्जी आहे, तेही बुकिंग करतानाच सांगा, थाळ पुढ्यात आल्यावर नव्हे. ठरल्या वेळेला पोहोचा, कारण तुमच्यासाठी सात माणसं मिठाला हात न लावता थांबलेली असतात. आणि बेत मोडायचा असेल तर दोन दिवस आधी कळवा. राण आदल्या रात्रीच मसाला लावून ठेवलेली असते, आणि तुमच्या जागी दुसरं कुणी बोलवायला त्या माउलीला तेवढा तरी वेळ हवा.

नमस्कार.