हतनूरचे ‘राजहंस’

पौषातली पहाट. जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणाच्या पाण्यावरचं धुकं अजून उठलेलं नाही. वरच्या अंगाला, चांगदेवला, पूर्णा येऊन तापीला मिळते आणि धरणाच्या ४१ दरवाजांमागे हे पाणी पसरत जातं. जाळं आवरता आवरता एक आबा हात करतात, “ते बघा, राजहंस उतरले.”

दुर्बीण लावू. राखाडी अंग, पांढरं डोकं आणि त्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे, गंधाची बोटं ओढावीत तसे. हा पट्टकादंब. इंग्रजीतला ‘स्वान’ तो हा नव्हे, हा ‘गूस’. पण आबांची चूक काढायची घाई नको. आपल्या जुन्या काव्यातला, मानसरोवराकडे जाणारा हंस हाच असावा, असं मानणारे जाणकार आहेत. उन्हाळ्यात तो तिबेट, लडाख, मंगोलियात वीण करतो आणि हिमालय ओलांडून इथे उतरतो. ट्रान्समीटर बसवलेल्या एका पक्ष्याची उंची ७,२९० मीटर भरली होती!

मग खरा स्वान कसा असतो?

चोच बघायची. युरोपातल्या तळ्यांवरचा ‘म्यूट स्वान’: चोच नारिंगी, कपाळाशी काळी गाठ, मान बाकदार. नाव मूक, पण पिल्लांजवळ गेलात तर फुत्कारतो. पंख पाठीवर कमानीसारखे उभारतो, मान मागे ओढतो आणि पाणी कापत थेट अंगावर येतो. उडताना पंखांचा घुमारा दूरवर ऐकू येतो.

‘हूपर’ स्वानची मान काठीसारखी ताठ आणि चोचीवरचा पिवळा रंग पाचरीसारखा पुढे घुसलेला. आवाज तुतारीचा. ‘ब्यूइक’ स्वान त्याहून लहान. त्याच्या चोचीवरची काळी-पिवळी नक्षी प्रत्येक पक्ष्याची वेगळी. इंग्लंडमध्ये स्लिमब्रिजला पक्षीतज्ज्ञ पीटर स्कॉट यांनी १९६४ पासून ही नक्षी कागदावर उतरवायला सुरुवात केली. कोण परतलं, कुणाची जोडी कुणाशी, हे नुसत्या तोंडावरून कळू लागलं. माणसं ओळखावी तसं.

ऑस्ट्रेलियातला स्वान काळा, चोच लाल. दक्षिण अमेरिकेतल्या एकाचं फक्त डोकं आणि मान काळी.

भारतात स्वान क्वचितच, तोही वायव्येकडे भरकटून आलेला. खानदेशात त्याची वाट बघत बसू नये. आणि फार्महाऊसच्या फाटकाशी कलकलाट करणारे ते पांढरे ‘राजहंस’? ते पाळीव गूस. कधी कधी त्यांच्याही कपाळावर गाठ असते, तिथेच माणूस फसतो. अशा वेळी डोळा आणि चोच यांच्या मधली जागा बघा. स्वानची तिथली कातडी उघडी असते, गूसला तिथे पिसं असतात.

जेवणाची रीतही वेगळी. स्वान शेपूट वर करून लांब मान पाण्यात बुडवतो, तळाच्या वनस्पती उपटतो. पट्टकादंब जमिनीवर चालत गवत कातरतो. दूध-पाणी वेगळं करण्याच्या भानगडीत दोघंही पडत नाहीत.

दिवे लागणीला थवा पाण्यावरून उठतो. एकामागे एक रांग, ‘आंग-आंग’ असा खर्जातला आवाज, आणि रोख गाळपेराच्या, म्हणजे पाणी ओसरलेल्या गाळात पेरलेल्या, हरभऱ्याकडे.

सकाळी बांधावर आबा खाली वाकून दाखवतात. कोवळे शेंडे खुडलेले, ओल्या मातीत पडदा असलेल्या तीन बोटांचे ठसे. “हे तुमचे पाहुणे,” ते म्हणतात, “रात्री जेवून गेले.”