आवाजाची लेक

(पुण्यातल्या एका महिला मंडळाच्या व्याख्यानमालेतलं भाषण. थोडं संपादित, बरंचसं जसंच्या तसं.)

बसून घ्या. मागे पंखा लागत नाही हे मला ठाऊक आहे, पण पुढे जागाही नाही.

फळ्यावरचा विषय मीच दिलेला आहे, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार? ‘आध्यात्मिक उलथापालथीच्या काळात ज्यू स्त्रीवाद आणि गूढवाद’. इतकं लांबलचक नाव देणाऱ्या वक्त्याला पन्नास मिनिटं कधीच पुरत नाहीत, असा माझा स्वतःबद्दलचा अनुभव आहे. कागदावर तीन मुद्दे आहेत: शेखिना, फुटलेली भांडी आणि नवे विधी. त्यांच्याकडे येते. येईन बहुतेक.

उलथापालथ म्हणजे काय, हे या खोलीत कोणाला समजावायला नको. माझा भाऊ गेला तेव्हा तेराव्याला आलेल्या एका सद्गृहस्थांनी मला प्रारब्ध समजावून सांगितलं. अगदी मुद्देसूद. त्यानंतर वर्षभर मी देवापुढे दिवा लावला नाही. रागाने म्हणाल, तर तसंही नाही. समोर उभं राहिलं की तोंडातून शब्दच फुटायचा नाही. त्या वर्षात जे वाचलं, त्यातलं तुम्हाला सांगायला आले आहे.

पण बीज जुनं आहे. माझं लहानपण अलिबागचं, इस्रायल आळीच्या अंगाला. शुक्रवारी दिवेलागणीला मी शेजारच्या आजींकडे मुद्दाम जाऊन उभी राहायचे. आढ्याला टांगलेला काचेचा पेला, त्यात खाली पाणी, वर खोबरेल तेलाचा थर आणि वात. आजी डोक्यावरून पदर घ्यायच्या, वात पेटवायच्या आणि मग त्यांचे ओठ हलायला लागायचे. आवाज अजिबात नाही. मी अगदी कुशीत शिरून कान लावायचे, तरी ऐकू यायचं नाही. ‘आजी, काय म्हणालात?’ ‘ज्याला ऐकायचं त्यानं ऐकलं गो. तू हो बाजूला, तेल सांडशील.’

बेने इस्रायल म्हणजे आपले कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, हे पुण्यात सांगायला नको, लाल देवळावरून, म्हणजे ज्यूंच्या सिनेगॉगवरून, तुम्ही रोज जाता. पण एक गोष्ट सांगते, मला ती फार आवडते. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनिवार तेली’. त्यांच्याकडे दाविद रहाबी नावाचा ज्यू आला, अशी त्यांची परंपरा सांगते. हे खरोखर ज्यू आहेत का, हे त्याला पाहायचं होतं. त्याने पुरुषांना काही विचारलं नाही. बायकांच्या पुढ्यात मिसळीचे मासे टाकले आणि रांधायला सांगितले. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे एकीकडे केले आणि बाकीचे, म्हणजे शिंगाळा वगैरे, सरळ बाजूला सारले. ‘हे आम्ही खात नाही.’ झाली परीक्षा! ग्रंथ नाही, हिब्रू येत नाही, आणि धर्म कुठे सापडला, तर मासळीच्या टोपलीत. इथे कोकणातल्या किती जणी आहेत? हात वर करा. कोळंबी मात्र नाही बरं का त्यात. बघा, चेहरे पडले.

तर, ओठ हलतात आणि आवाज येत नाही. बायबलमधल्या हन्नाची ही गोष्ट. शिलोच्या मंदिरात ती मुलासाठी रडत प्रार्थना करते आहे, आणि दारात बसलेले याजक एली, मोठे अधिकारी गृहस्थ, तिच्याकडे बघून म्हणतात, ही बाई प्यालेली आहे. किती वेळ झिंगत राहणार, उतरव ती दारू. ती शांतपणे सांगते, महाराज, मी प्यालेली नाही, मी मन ओतते आहे.

आता पुढची गंमत. तालमूद म्हणजे रब्बींच्या, ज्यू धर्मगुरूंच्या, चर्चांचा जुना ग्रंथ. त्याच्या ‘ब्राखोत’ या भागात ३१व्या पानावर रब्बी विचारतात, प्रार्थना कशी करावी? आणि उत्तर काढतात ते या बाईच्या वागण्यातून. ती मनात बोलत होती, म्हणून प्रार्थनेत मन लागायला हवं. ओठ हलत होते, म्हणून शब्द उच्चारायला हवेत. आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून ओरडू नये. जिला दारूबाज ठरवलं, ती नियम झाली! एवढ्यावर ते थांबत नाहीत. पुढे त्यांची हन्ना देवाशी वाद घालते. एवढी सैन्यंच्या सैन्यं निर्माण केलीस, मला एक पोर देणं इतकं जड गेलं का तुला? छातीवर हे स्तन कशाला दिलेस, पाजायला ना? मग दे पाजायला. तिने आकाशाकडे शब्द भिरकावले, असंच तिथे म्हटलं आहे. जनाबाईचं ‘अरे विठ्या’ ज्यांच्या कानावर आहे, त्यांना यात धक्का बसण्यासारखं काही नाही. मला मात्र बसला. कारण तोवर मला वाटत होतं की श्रद्धा हलली की गप्प बसायचं असतं.

आणि त्याच ‘ब्राखोत’मध्ये, फक्त सात पानं आधी, २४व्या पानावर काय आहे? बाईचा आवाज म्हणजे नग्नता. त्यावरून पुढे बायकांनी पुरुषांसमोर गाऊ नये असा दंडक झाला. यरुशलेमच्या पश्चिम भिंतीपाशी, ज्यूंच्या पवित्र प्रार्थनास्थळी, १९८८पासून बायकांचा एक गट दर महिन्याच्या आरंभी मोठ्याने प्रार्थना करायला जमतो, तर शिट्ट्या, आरडाओरडा, पोलीस, अटक, सगळं झालेलं आहे. २४ आणि ३१, एकाच पुस्तकाची दोन पानं. ज्यू स्त्रीवाद म्हणजे काय असं मला कोणी विचारलं, तर मी सांगते, या दोन पानांमधली सात पानं.

आता संत्र्याची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मी खाली उतरणार नाही, यात माझं स्वतःचं दुखणं आहे.

पेसाह म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा सण. त्या रात्री ताटात ठरलेले पदार्थ असतात. कडू भाजी, अंडं, हाड वगैरे. अलीकडे बऱ्याच घरांत त्यात एक संत्रंही दिसतं. का? गोष्ट अशी सांगतात की सुझॅना हेशेल नावाच्या विदुषी मायामीत भाषण करत होत्या, तेव्हा एक म्हातारा तावातावाने उठला आणि म्हणाला, पेसाहच्या ताटात संत्र्याला जेवढी जागा, तेवढीच सिनेगॉगच्या व्यासपीठावर बाईला! मग बायकांनी ठेवलं संत्रं. झकास गोष्ट आहे. टाळ्या पडतात.

फक्त असं काही घडलंच नाही. हेशेलबाईंनी स्वतः सांगितलं आहे, परत परत सांगितलं आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ओबर्लिन कॉलेजात त्यांच्या पाहण्यात आलं की काही विद्यार्थिनी समलिंगी ज्यू स्त्रियांच्या बाजूने ताटात पावाचा तुकडा ठेवायची कल्पना मांडताहेत. पेसाहला पाव म्हणजे महाविटाळ, घरातून कणनकण झाडून काढायचा असतो. हेशेल म्हणाल्या, पाव ठेवला तर त्याचा अर्थ ही माणसं ताट बाटवतात असा होईल, आणि तेच तर खोटं आहे. म्हणून त्यांनी संत्रं घेतलं. सगळ्यांनी एकेक फोड खायची, आणि बी आली की थुंकायची. ती बी म्हणजे मनातली घृणा. इतकी नेमकी, रसाळ कल्पना! आणि लोकांनी काय केलं? समलिंगी माणसं गाळली. तो शब्द आला की आपल्याकडेही चहाची वेळ विचारतात. बाईची कल्पनाही गाळली, आणि तिचं वाक्य एका काल्पनिक म्हाताऱ्याच्या तोंडी घातलं.

हे सगळं मी एका दिवाळी अंकासाठी सविस्तर लिहून दिलं. नाव नको. अंक आला, उघडून बघते तर त्यात म्हातारा उभा! तावातावाने! संपादकांना फोन केला. ‘ताई, तुमच्या गोष्टीला धार नव्हती हो. नेटवर ही मिळाली. वाचकाला लगेच पोचते.’ आणि वर नाव माझं. बाईचं वाक्य कसं पळवतात, यावरच्या लेखातलं माझं वाक्य पळवलं. मानधनाचा चेक मात्र आला. मी वटवला. काय करणार, रागाला व्याज नसतं.

आवाज पळवतात तसा कोणी कोणाला आवाज उसनाही देतो, ती गोष्ट आता सांगते. काय? किती मिनिटं? बारा. बरं, मग ही घाईत.

यरुशलेमचं मंदिर जळलं आहे, लोक बंदिवासात निघाले आहेत. बायबलमधल्या विलापगीतांवरच्या जुन्या मिद्राशात, म्हणजे रब्बींच्या गोष्टीरूप भाष्यात, प्रसंग आहे. देवापुढे एकेक थोर पुरुष उभा राहतो. अब्राहाम म्हणतो, मी तुझ्यासाठी मुलगा कापायला निघालो होतो. इसहाक म्हणतो, मी मान पुढे केली. याकोब आपलं सांगतो, मोशे सांगतो. देव हलत नाही. मग राहेल उडी मारून पुढे येते आणि संसारातली एक गोष्ट सांगते. याकोबने सात वर्षं राबून मला मागितलं आणि बापाने लग्नाच्या रात्री माझ्या जागी लेआला पाठवलं. हे कळल्यावर याकोबची आणि माझी ठरलेली खूण मी बहिणीला शिकवली. पलंगाखाली जाऊन पडले. तो बोलायचा, ती गप्प राहायची, आणि उत्तर मी द्यायचे. तिचा आवाज ओळखू येऊन तिची शोभा होऊ नये म्हणून. मी हाडामांसाची बाई असून सवतीचा मत्सर केला नाही. आणि तू? दगडाच्या मूर्तींचा मत्सर करून माझी पोरं हाकललीस?

यावर देव विरघळतो. राहेल, तुझ्यासाठी मी त्यांना परत आणीन.

मला या गोष्टीतला पलंग सोडवत नाही. लाकडाखाली, धुळीत, स्वतःच्या होणाऱ्या नवऱ्याच्या आणि बहिणीच्या खाली ती पडून आहे. ही काही आदर्श भगिनीभावाची साजरी कथा नाही. यात दोघींची फसवणूक आहे, बापाचा सौदा आहे. स्त्रीवादी अभ्यासकांनी यातली कडू बाजूही दाखवली आहे: बाईच्या पुण्याईचा कळस म्हणजे पुन्हा आवाज लपवणंच का? बरोबर आहे. तरीही तो लपवलेला आवाज शेवटी देवासमोर जाऊन हिशोब मागतो. तेराव्याच्या त्या सद्गृहस्थांना मी मनातल्या मनात हेच ऐकवलं.

सात मिनिटं. कागदावरचे तीन मुद्दे, घ्या.

शेखिना. देवाचं इथे, आपल्यात वस्तीला असणं. शब्द स्त्रीलिंगी. तालमूद म्हणतं की लोक जिथे जिथे परागंदा झाले, तिथे शेखिना त्यांच्याबरोबर गेली. तेराव्या शतकात स्पेनमध्ये ‘झोहर’ हा गूढवादाचा ग्रंथ आला, त्याच्या परंपरेत ती राणी, वधू, वनवासी आई झाली. आजच्या अनेक ज्यू बायकांनी प्रार्थनेसाठी हा शब्द उचलला. मात्र फार हुरळून जाऊ नका. ही स्त्रीप्रतिमा पुरुषांनी पुरुषांसाठी रंगवली. खऱ्या बायकांना तो अभ्यास बंदच होता. तरी फटी असतात. सोळाव्या शतकात गालिलीतल्या साफेद गावात फ्रान्सेसा सारा नावाची बाई होती, तिला जागेपणी दृष्टांत व्हायचे आणि एक आवाज तिच्याशी बोलायचा. हाईम व्हितालसारख्या मोठ्या गूढवाद्याने तिची नोंद करून ठेवली आहे.

फुटलेली भांडी. १४९२ साली स्पेनमधून ज्यूंना हाकललं. ऐंशीएक वर्षांनी त्याच साफेदमध्ये इसहाक लुरिया हा गूढवादी गुरू. तिथे तो जेमतेम दोन वर्षं होता, १५७२ साली वारला. त्याची मांडणी अशी: देवाने आधी स्वतःला आक्रसून घेतलं, जगाला जागा व्हावी म्हणून. मग प्रकाश भांड्यांत ओतला. भांड्यांना तो पेलला नाही, ती फुटली, ठिणग्या सगळीकडे विखुरल्या. त्या वेचायच्या, हे माणसाचं काम, त्याला तिक्कून म्हणतात. म्हणजे फूट तुमच्या पापाने पडली नाही, ती मुळातच आहे. प्रारब्धाच्या हिशोबापेक्षा मला हे मानवलं. का, ते विचारू नका. सिद्ध करता येणार नाही.

नवे विधी. बायबलमधल्या निर्गमाच्या १९व्या अध्यायात सिनाय पर्वताखाली मोशे ‘लोकांना’ सांगतो, तयार राहा, बाईजवळ जाऊ नका. ज्यू स्त्रीवादी अभ्यासक ज्युडिथ प्लास्को यांनी बोट ठेवलं ते इथे: म्हणजे ‘लोक’ कोण? त्या क्षणी बायका कुठे उभ्या होत्या? अशाच प्रश्नांतून दर महिन्याच्या आरंभी बायकांच्या बैठका आल्या, पेसाहच्या मेजावर मोशेच्या बहिणीचा, मिर्यामचा, पाण्याचा पेला आला, आणि आपलं संत्रं.

मंडळाच्या ताई उभ्या राहिल्या. दोनच गोष्टी.

शीर्षकाचा खुलासा राहिला. आकाशवाणीला हिब्रूत ‘बत कोल’ म्हणतात. शब्दशः, आवाजाची लेक. रब्बी योसे यरुशलेमच्या एका पडक्या घरात प्रार्थनेला शिरले, आणि त्यांना ती पारव्यासारखी घुमताना ऐकू आली: माझं घर मीच उद्ध्वस्त केलं, लेकरं देशोधडीला लावली. बाहेर दाराशी त्यांची प्रार्थना संपेपर्यंत कोण उभं होतं? एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया. आमच्या अलिबागच्या आजी ज्यांच्या नावाने मलिदा करायच्या, तेच.

आणि रेगिना योनास. बर्लिनची. जगातली पहिली रीतसर दीक्षा मिळालेली स्त्री रब्बी, १९३५. १९४२ साली तिला नाझींच्या थेरेझिनश्टाटच्या छावणीत नेलं. तिथे येणाऱ्या गाड्यांतून उतरणाऱ्या भांबावलेल्या माणसांना भेटून धीर देणं हे काम ती करायची, आणि व्याख्यानं द्यायची. १९४४ साली आउशवित्झमध्ये तिला मारलं. पुढे जवळपास पन्नास वर्षं तिचं नाव कोणी घेतलं नाही. बर्लिनची भिंत पडल्यावर, १९९१मध्ये, पूर्व बर्लिनच्या एका दफ्तरखान्यात तिचे कागद मिळाले. तिच्या छावणीतल्या व्याख्यानांच्या विषयांची यादीही आहे, चोवीस विषय. व्याख्यानं नाहीत, यादी आहे.

मागच्या टेबलावर मी एक झेरॉक्स ठेवली आहे. १८७४ साली आपल्या पुण्यात मराठी-हिब्रू हगादा छापली गेली, पेसाहच्या रात्री वाचायची पोथी. तिच्यातलं चित्र आहे. लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बिनखमिराच्या भाकरी करताहेत. चहा घेऊन तिकडे या, पण कप टेबलावर ठेवू नका, माझ्याकडे ती एकच प्रत आहे.