शह आणि चेक

मंडळी, आज एकाच इंग्रजी शब्दावर बोलणार आहे: ‘चेक’. तो इतका घरचा झालाय की त्याला आपण इंग्रजी मानतच नाही. मास्तर पेपर चेक करतात, नाल्यावर चेकडॅम असतो, रस्त्यात चेकनाका लागतो, पोराला चेक्सचा शर्ट हवा असतो आणि मोंढ्यात माल घातला की चेक मिळतो. शाळेत हे अर्थ मुलांकडून ओळीनं पाठ करून घेतात. माझं म्हणणं असं की ते सगळे एकाच घरातले आहेत, आणि त्या घराचा पत्ता मराठवाड्याला सगळ्यांच्या आधी सापडायला हवा.

मोंढ्यातल्या चेकपासून सुरुवात करतो, कारण त्यानं आमचं घर पोळलंय. वडिलांनी एका हंगामात लातूरला तूर घातली. आडत्यानं पट्टी केली, हमाली-तोलाई कापली आणि पुढच्या तारखेचा चेक हातात ठेवला. वडिलांनी तो घडी न घालता पासबुकात जपला, तारखेला बँकेत भरला. तो वटला नाही. परत आला तेव्हा टाचणीनं एक चिठ्ठी लावलेली, खात्यात रक्कम अपुरी. वडील दुकानात गेले, तर आडत्यानं चेकबुक उघडून फाडल्यावर उरलेला अरुंद तुकडा दाखवला. वडिलांचं नाव, तारीख, रक्कम, सगळं त्यावर होतं. म्हणाला, “हे बघा, दिलेत की. नोंद आहे.” मी शेजारी उभा होतो. तूर आमची, खताची उधारी आमच्या डोक्यावर, आणि पुरावा म्हणे त्याच्याकडं! आज १८८१च्या परक्राम्य लेख कायद्यात कलम १३८ आहे. चेक न वटल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण हे कलम १९८८च्या दुरुस्तीनं आलं, आमची तूर त्याआधीच गेली होती. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पण तो अरुंद तुकडा ध्यानात ठेवा. अठराव्या शतकात इंग्लंडात ‘चेक’ म्हणत ते त्या तुकड्यालाच! कागदात कुणी खाडाखोड केली तर त्याच्याशी ताडून लबाडी धरायची. पुढं ते नाव तुकड्यावरून अख्ख्या कागदावर गेलं.

आता ताडून बघणं आलं ते अडवण्यातून, आणि अडवणं आलं बुद्धिबळाच्या पटावरून. फारसीत शाह म्हणजे राजा. समोरच्या राजावर चाल आली की खेळाडू ‘शाह’ म्हणून बजावायचा. हा शब्द अरबांमार्फत युरोपात गेला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झाला, इंग्रजीत ‘चेक’. त्याच्याच अनेकवचनातून ‘चेस’. चेकमेट म्हणजे तर सरळ ‘शाह मात’. आणि आपण? अजून शह देतो, मात करतो, वजीर हलवतो, प्यादी पुढं सारतो. निजामाच्या राज्यात कारभार आधी फारसीत, मग उर्दूत चालला, तो सप्टेंबर १९४८पर्यंत. आपल्या आजोबांच्या कानाला शाह परका नव्हता. एकच शब्द आपल्याकडं दोनदा आला, एकदा फारसीतून थेट, एकदा लंडनचा वळसा घेऊन. आणि खेळ तर मुळात इथलाच. चतुरंगाचं शतरंज झालं ते तिकडं गेल्यावर.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. भराभर सांगतो. पटाच्या घरांवरून चौकडीचं कापड. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा वसूल असल्याच आखलेल्या कापडावर सोंगट्या मांडून मोजत, म्हणून खजिन्याचं नाव एक्स्चेकर. त्यांचा अर्थमंत्री आजही चान्सलर ऑफ द एक्स्चेकर. बँकेच्या चेकच्या ब्रिटिश स्पेलिंगात क्यू शिरला तो याच्याच संगतीनं. चेकडॅम पाणी अडवतो, चेकनाका गाडी. झालं घर पूर्ण.

मात्र सारखे दिसणारे सगळेच शब्द भाऊबंद नसतात. क्रिकेटची मॅच जुन्या इंग्रजीतल्या ‘जोडीदार’ या अर्थाच्या शब्दातून आली, आणि माचिसवाली मॅच फ्रेंचमधल्या वातीच्या शब्दातून. शिक्षक मंडळी बसली आहेत, त्यांना एवढंच मागतो: अर्थ लिहून देण्याआधी डिक्शनरीत नोंदीच्या शेवटी मूळ दिलेलं असतं, ते मुलांना मोठ्यानं वाचायला लावा. ‘चेक’पाशी ‘फारसी’ हा शब्द त्यांना स्वतःला सापडू द्या.