पुस्तक कुठे आहे, हे कुणाला माहीत आहे?

श्रोतेहो, नमस्कार.

दोन ग्रंथपाल भेटले की त्यांचं बोलणं बाहेरच्या माणसाला फार रुक्ष वाटतं. अमुक पुस्तक तुमच्याकडे आहे का? कितवी आवृत्ती? शीर्षकपान शाबूत आहे का? नसेल तर आमच्या प्रतीवरून नोंद पुरी करून देऊ का? आज मी ज्यू ग्रंथपालांमधल्या अशाच देवाणघेवाणीबद्दल बोलणार आहे. हा समाज देशोदेशी विखुरला, त्याच्याबरोबर त्याची पुस्तकंही विखुरली, आणि मग ‘आमच्याकडे हे आहे, तुमच्याकडे काय आहे’ या साध्या निरोपावर कित्येक पुस्तकांचं जगणं-मरणं ठरलं. पुस्तक नुसतं कपाटात असून भागत नाही. ते तिथे आहे हे आणखी कुणाला तरी ठाऊक असावं लागतं. माझं सांगणं एवढंच आहे, पण त्यामागचा इतिहास मोठा आहे.

तो सुरू करायचा तर विल्नापासून करावा. म्हणजे आजच्या लिथुआनियाची राजधानी विल्निअस. तिथे मात्तित्याहू स्ट्राशून नावाचे एक विद्वान गृहस्थ होते. १८८५ साली ते वारले, तेव्हा हजारो पुस्तकांचा आपला संग्रह त्यांनी गावच्या ज्यू समाजाच्या स्वाधीन केला. त्यातून स्ट्राशून ग्रंथालय उभं राहिलं, मोठ्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, आवारात. खायकल लुन्स्की नावाच्या ग्रंथपालानं अनेक दशकं ते सांभाळलं. त्याच गावात १९२५ साली यीवो ही यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली, तिच्या भाषा-संस्कृतीची संशोधन संस्था निघाली. तिचा स्वतःचा मोठा ग्रंथसंग्रह आणि अभिलेखागार होतं.

१९४१ साली नाझी आले. माणसं मारण्याचं काम चालू असतानाच पुस्तकं वेगळी काढण्याचंही काम त्यांनी हाती घेतलं. निवडक ग्रंथ फ्रँकफुर्टला न्यायचे, ज्यूंचा ‘अभ्यास’ करणाऱ्या नाझी संस्थेसाठी, आणि उरलेले कागदाच्या गिरणीत लगदा करायला पाठवायचे. ही निवड करायला त्यांनी घेट्टोतल्याच, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्याच, ज्यू विद्वानांना जुंपलं. त्यात ग्रंथपाल हेर्मान क्रूक होते, अभ्यासक झेलिग काल्मानोविच होते, अव्रोम सुत्स्केवर आणि श्मेर्के काचेरगिन्स्की हे कवी होते. घेट्टोत या टोळीला ‘कागद पलटण’ असं नाव पडलं.

या माणसांनी काय केलं? दिवसभर पुस्तकं निवडायची आणि संध्याकाळी परत येताना दुर्मिळ पानं कोटाच्या अस्तरात, शर्टाच्या आत खुपसून घेट्टोत आणायची. दारावर झडती व्हायची. सापडलं तर मार, किंवा त्याहून वाईट. सुत्स्केवर यांनी तर शेगडीत जाळायला रद्दी नेतो असं सांगून जर्मन अधिकाऱ्याकडून लेखी परवानाच मिळवला आणि त्या ‘रद्दी’तून हस्तलिखितं बाहेर काढली. काही कागद भिंतीमागे, काही जमिनीखालच्या बंकरमध्ये दडवले. ज्यांच्या स्वतःच्या जिवाची उद्याची खात्री नव्हती, ते पुस्तकांच्या परवाची तरतूद करत होते. याच्याबद्दल बोलताना माझा आवाज आजही स्थिर राहत नाही.

क्रूक यांनी घेट्टोच्या आतसुद्धा ग्रंथालय चालवलं. १३ डिसेंबर १९४२ रोजी तिथे समारंभ झाला, कारण त्या ग्रंथालयानं १ लाखावं पुस्तक वाचकाच्या हाती दिलं होतं. उपाशी, भयभीत, दाटीवाटीनं कोंबलेल्या माणसांनी १ लाख वेळा पुस्तक घरी नेलं! क्रूक रोजनिशी लिहीत. सप्टेंबर १९४४मध्ये एस्टोनियातल्या छावणीत त्यांना ठार मारण्यात आलं. लुन्स्कीही वाचले नाहीत.

वाचली ती क्रूक यांच्या हाताखाली काम करणारी एक तरुण ग्रंथपाल, दीना अब्रामोविच. घेट्टो रिकामा केला जात असताना ती निसटली आणि जंगलातल्या बंडखोर तुकडीला जाऊन मिळाली. १९४६ साली ती अमेरिकेत पोचली आणि १९४७पासून न्यूयॉर्कच्या यीवोत ग्रंथपाल म्हणून रुजू झाली. यीवोनं आपलं मुख्यालय युद्धकाळातच न्यूयॉर्कला हलवलं होतं. त्याच १९४७ साली नाझींनी विल्नाहून पळवलेली यीवोची पुस्तकं, आणि स्ट्राशून ग्रंथालयातलाही काही भाग, खोक्यांत भरून न्यूयॉर्कला आला. म्हणजे बाई आल्या आणि त्यांच्या गावची पुस्तकंही त्यांच्यामागून आली. पुढे दीनाबाई तिथे मुख्य ग्रंथपाल झाल्या, निवृत्तीच्या वयानंतरही संदर्भसेवा देत राहिल्या, त्या अगदी २००० साली निधन होईपर्यंत. यिडिश साहित्याच्या इंग्रजी अनुवादांची सूची त्यांनी तयार केली. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचं गाव, त्यातले लेखक, त्यांची टोपणनावं, छापखाने, हे सगळं ज्यांच्या तोंडी आहे अशा ग्रंथपाल जगात कितीशा असतील?

आता मधला दुवा सांगतो: ही पुस्तकं ओळखली कशी. फ्रँकफुर्टजवळ ऑफनबाख इथे अमेरिकी सैन्यानं १९४६ साली एक डेपो उघडला. माइन नदीच्या काठावरची मोठी गोदामाची इमारत, आणि तीत सबंध युरोपातून लुटून आणलेल्या पुस्तकांचे ढीग. कॅप्टन सीमूर पॉम्रेन्झ हे अभिलेखपाल त्याचे पहिले प्रमुख. त्यांच्यानंतर आयझॅक बेन्कोविट्झ आले. अडचण अशी की निवड करणाऱ्या बहुतेक जर्मन कामगारांना हिब्रू किंवा यिडिश वाचता येत नव्हतं. मग बेन्कोविट्झ यांनी पुस्तकांवरच्या शिक्क्यांचे फोटो काढायला सुरुवात केली. एकेका कामगाराच्या वाट्याला काही ठरावीक शिक्के दिले. त्यानं अक्षर वाचायचं नाही, फक्त आकार ओळखायचा. पट्ट्यावरून पुस्तक पुढे सरकलं, आपला शिक्का दिसला, की उचलून आपल्या खोक्यात टाकायचं. भाषा न येणाऱ्या माणसांच्या हातून अशा रीतीनं पुस्तकं आपापल्या गावाच्या खोक्यात जाऊन पडली. त्या शिक्क्यांच्या फोटोंचे आल्बम आज जपून ठेवलेले आहेत. त्यातल्या कित्येक शिक्क्यांची ग्रंथालयंच काय, गावातला ज्यू समाजही उरलेला नाही. त्या डेपोतून ३० लाखांहून अधिक पुस्तकं आणि कागदपत्रं बाहेर पडली. ज्यांचा मालक सापडेना अशी सुमारे ५ लाख पुस्तकं ‘ज्युइश कल्चरल रिकन्स्ट्रक्शन’ या संस्थेनं इस्रायल, अमेरिका आणि इतर देशांतल्या ग्रंथालयांना वाटली. विचारवंत हॅना आरेन्ट या संस्थेच्या कार्यकारी सचिव होत्या, आणि वाटलेल्या पुस्तकात त्या संस्थेची चिठ्ठी चिकटवलेली असे. आजही एखादा ग्रंथपाल जुनं पुस्तक उघडतो, ती चिठ्ठी पाहतो, आणि हे पुस्तक कुठून कसं आलं त्याची नोंद इतरांना कळवतो.

विल्नात मागे राहिलेल्या कागदांचं काय झालं, तेही ऐका. युद्धानंतर ते तिथल्या ज्यू संग्रहालयात जमा झाले, पण सोव्हिएत राजवटीनं ते संग्रहालय बंद केलं. तेव्हा आन्तानास उल्पिस या लिथुआनियन ग्रंथपालानं, जो ज्यू नव्हता, ते सगळं एका चर्चच्या इमारतीत इतर कागदांच्या ढिगाखाली दाबून ठेवलं. १९८९ साली ते जगासमोर आलं. २०१७ साली त्यातलेच आणखी सुमारे १ लाख ७० हजार पानांचे दस्तऐवज सापडल्याचं जाहीर झालं. पुढे न्यूयॉर्क आणि विल्निअस इथले दोन्ही तुकडे स्कॅन करून एकाच ठिकाणी पाहता येतील असं काम झालं. मूळ कागद दोन देशांत आहेत, पण वाचणाऱ्याला आता ते सलग वाचता येतात.

१९६६ साली आणखी एक घटना घडली, न्यूयॉर्कमध्ये. एप्रिल महिन्यात ज्युइश थिऑलॉजिकल सेमिनरीच्या ग्रंथालयाच्या मनोऱ्याला आग लागली. सुमारे ७० हजार पुस्तकं जळाली. जी वाचली ती बंबाच्या पाण्यानं भिजली. मग शेकडो स्वयंसेवक बसले आणि पानापानात हात पुसायचे कागदी टॉवेल घालून पुस्तकं वाळवली. भिजलेलं पुस्तक कसं वाळवायचं, हे कोल्हापूर-सांगलीच्या पुरानंतर आपल्याकडच्या वाचनालयांनीही अनुभवानं शिकून घेतलंय.

त्याच सुमारास अमेरिकेत ‘असोसिएशन ऑफ ज्युइश लायब्ररीज’ स्थापन झाली. आधी दोन वेगळ्या संघटना होत्या: एक विद्यापीठं आणि संशोधन ग्रंथालयांची, दुसरी सिनेगॉग, शाळा आणि समाजकेंद्रांतल्या छोट्या ग्रंथालयांची. त्या एकत्र आल्या. मला स्वतःला यातला दुसरा गट अधिक जवळचा वाटतो. सिनेगॉगच्या एका खोलीत, बहुधा स्वयंसेवक म्हणून, दोन-चार कपाटं सांभाळणाऱ्या बायका आणि निवृत्त माणसं. त्यांना प्रश्न पडायचे ते अगदी रोजचे. पुस्तकांना विषयवार आकडे देण्याची ड्यूईची दशांश पद्धत असते. तीत धर्माला २०० ते २९९ आकडे दिलेत. त्यातला मोठा हिस्सा ख्रिस्ती धर्माचा. ज्यू धर्म २९६ या एका घरात, आपला हिंदू धर्म २९४.५मध्ये. ज्या ग्रंथालयात नऊ-दशांश पुस्तकं ज्यू विषयांवरच आहेत, तिथे सगळं २९६खाली कोंबायचं कसं? मग वाइन पद्धत आली, तिनं ड्यूईचेच आकडे ज्यू विषयांसाठी खुले केले. डेव्हिड आणि डॅनिएल एलाझार या भावांनी तर वेगळी स्वतंत्र पद्धत रचली. हा प्रश्न आपल्याला परका नाही. आपले ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३३ साली पुस्तकांचं द्विबिंदू वर्गीकरण मांडलं, त्यामागेही परक्या चौकटीत आपलं ज्ञान न मावण्याची अडचण होतीच. या संघटनेच्या वार्षिक परिषदेत अशा युक्त्या, सूची, परीक्षणं यांची देवघेव होते. ज्यू विषयांवरच्या उत्तम बालपुस्तकांना १९६८पासून तिथून सिडनी टेलर पुरस्कार दिला जातो. छोट्या ग्रंथालयाला यंदा काय विकत घ्यावं हे त्यावरून कळतं.

आता आपल्या घरी येऊ. बेने इस्रायली हा ज्यू समाज शतकानुशतकं कोकणात राहिला, अलिबाग, रेवदंडा, नवगाव, पेण, पनवेल या भागात, आणि मराठी बोलला. पेसाह सणाच्या रात्री घरी वाचायचा हागादा हा ग्रंथ १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह छापला गेला. १८७४ साली पुण्यात आणखी एक निघाला. त्यात हिब्रू मजकूर, मराठी भाषांतर आणि चित्रं. त्यातल्या एका चित्रात साडी नेसलेल्या बायका सणाची बिनखमिराची भाकर करताना दिसतात. मुंबईचे जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयातले अव्राहाम यारी यांनी पूर्वेकडच्या हिब्रू मुद्रणाची सूची केली. तिचा दुसरा भाग १९४० साली निघाला, आणि त्यात मुंबई, पुणे, कलकत्ता, कोचीन इथली पुस्तकं आहेत. पुण्याच्या छापखान्यातून निघालेलं पुस्तक आपल्याला सापडतं ते अनेकदा जेरुसलेमच्या ग्रंथपालानं केलेल्या नोंदीमुळे.

१९४८नंतर बेने इस्रायली कुटुंबं मोठ्या संख्येनं इस्रायलला गेली. पेट्यांतून पुस्तकंही गेली. डिमोना, लोद, अशदोद, बीरशेबा इथल्या घरांत अशी पुस्तकं आज नातवंडांच्या हाती आहेत, आणि नातवंडं हिब्रू वाचतात, मराठी नाही. इकडे आपल्याला मराठी वाचता येतं, हिब्रू नाही. त्यामुळे एका बाजूच्या नोंदीत मराठी नाव चुकतं किंवा गाळलं जातं, दुसऱ्या बाजूच्या नोंदीत हिब्रू. त्यात ज्यू परंपरेप्रमाणे देवाचं नाव असलेलं जीर्ण पुस्तक टाकून देत नाहीत, दफन करतात. ही श्रद्धा आदराची आहे, तिच्यात ढवळाढवळ नको. पण दफनाआधी त्या पुस्तकाची नोंद तरी व्हावी.

म्हणून रायगड, ठाणे, मुंबई, पुण्यातल्या श्रोत्यांना माझी विनंती आहे. घरात, शेजारी, जुन्या बाजारात मराठी-हिब्रू छापील पुस्तक दिसलं तर शीर्षकपान, शेवटचं पान आणि आतला कुठलाही शिक्का किंवा सही यांचा फोटो काढा. छापखान्याचं नाव लिहून घ्या. साल इंग्रजी किंवा शक आकड्यांत असेल तर प्रश्नच नाही, शकात ७८ मिळवले की झालं. ते फक्त हिब्रूत असेल तर ती अक्षरंच आकडे असतात. कधीकधी एखादं वचन छापून त्यातली काही अक्षरं मोठी किंवा खुणा केलेली असतात. त्यांची बेरीज करायची. त्यात हजार बहुधा लिहीत नाहीत, म्हणून आलेल्या बेरजेत १२४० मिळवायचे. ६३४ आले तर १८७४. ज्यूंचं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतं, त्यामुळे एक वर्ष मागेपुढे होऊ शकतं, हे नोंदीत लिहून ठेवा. मग हा कागद आणि फोटो जवळच्या जिल्हा ग्रंथालयात किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात द्या आणि जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडेही पाठवायला सांगा. पुस्तक तुमच्याकडेच राहू द्या.

नमस्कार.