‘आज बरी आहे’

(ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

उशीर झाला, माफ करा. स्टेशनच्या पुलावर मधेच बसावं लागलं. परवा हाच जिना मी एका दमात चढले होते. खरं तर व्याख्यान इथेच संपलं, पण तुम्ही चहा सांगितलाय म्हणून पुढे बोलते.

मला चौदा वर्षं मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. मज्जातंतूंवरचं आवरण शरीर स्वतःच कुरतडतं, उंदराने वायर कुरतडावी तसं. झटका येतो, पाय जातात, मग पुष्कळसे परतही येतात. शिवाय अंग जरा तापलं की लक्षणं वाढतात. त्यामुळे ठाण्यातल्या मे महिन्यात मी एक बाई असते आणि जानेवारीत दुसरी. अपंगत्वाचं प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय बोर्डासमोर मात्र एकीलाच जाता येतं.

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस आला, पार्किन्सन आला, हिमोफिलिया, सिकलसेल आले. यांतले बरेच आजार येऊन-जाऊन असणारे. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, मग तपासणी. अपंगत्व ४० टक्के भरलं तर संजय गांधी निराधार योजनेसारखी दारं उघडतात, अर्थात उत्पन्नाची अट वेगळी.

माझी पहिली तपासणी जानेवारीत झाली, सकाळी दहाला. मी इस्त्रीची साडी नेसून गेले. डॉक्टरांनी विचारलं, “कशा आहात?” म्हटलं, “बरी आहे.” घोळ इथेच झाला. समोरच्याने विचारलं की बरं म्हणायचं, ही आपल्या घरची शिकवण. “चालता येतं?” “हो.” “स्वयंपाक?” “करते की.” एकही उत्तर खोटं नव्हतं. टक्के चाळिसाच्या आत आले. रुग्णालयाचं नाव घेत नाही. त्यांनी मी सांगितलं तेच लिहिलं.

आता तो “करते की” जरा उघडून बघा. कुकरचं झाकण लेक लावून जाते. भाकऱ्या थापणं सुटलं. उजव्या हाताला चटका कळत नाही. एकदा बोट तव्याला टेकलंय हे मला वासावरून कळलं. आणि वरण-भात झाला की दुपारभर मी आडवी. हे सगळं मी दोन शब्दांत गुंडाळलं होतं.

ब्रिटनमध्ये पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट नावाचा भत्ता आहे. तिथे नियमातच लिहिलंय की काम ‘जमतं’ म्हणायचं तर ते सुरक्षितपणे, नीट, पुन्हा पुन्हा आणि रास्त वेळात जमायला हवं. शिवाय एखादी अडचण निम्म्याहून जास्त दिवस असेल तर ती धरतात. आपल्याकडे टक्क्यांचं गणित वेगळं, तेव्हा बोर्डासमोर ब्रिटनचे दाखले देत बसू नका. पण घरून निघण्यापूर्वी हे चार प्रश्न स्वतःला विचारा.

मानसिक आजारात ‘आयडियाज’ नावाच्या मोजपट्टीवर स्वतःची निगा, माणसांशी वागणं, संवाद आणि काम पाहतात, आजार किती वर्षांचा तेही धरतात. तिथे सोबत गेलेली आईच म्हणते, “आता छान आहे हो तो.” तिच्या डोक्यात लग्नाची बोलणी असतात!

नाटक मात्र करू नका. पार्किन्सनवाल्यांना कुणीतरी हमखास सांगतं, त्या दिवशी गोळी घेऊ नका. अजिबात ऐकू नका, ते धोक्याचं आहे. गोळी घ्या आणि सांगा, “आठला घेतलीय, आत्ता तिचा अंमल आहे. साडेअकराला उतरेल, तेव्हा हा पेला मला धरता येणार नाही.”

बोर्डाचा निकाल पटला नाही तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. प्रमाण बदलण्यासारखं असेल तर प्रमाणपत्र मुदतीचं मिळतं, म्हणजे पुन्हा जायचंच आहे. तेव्हा नोंद ठेवा. डायरी मला कधी जमली नाही. मी कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी खुणा करते. फुली म्हणजे अंथरुणात, टिंब म्हणजे घरातल्या घरात, बरोबरची खूण म्हणजे बाहेर पडले. गेल्या मेमध्ये सतरा फुल्या, नऊ टिंबं, पाच खुणा. जानेवारीत फुल्या चारच.

दुसऱ्या वेळी एमआरआय आणि डिस्चार्ज कार्डांबरोबर ती बारा पानंही नेली. “कशा आहात?” “आज बरी आहे,” म्हटलं आणि पानं पुढे सरकवली. डॉक्टर मे महिन्यावर थांबले.

“या दिवशी दूध पाच लिटर?”

“लेकीचा साखरपुडा होता. पुढचे सहा दिवस बघा.”

त्यांनी बोट ठेवून मोजल्या. सहा फुल्या.