एक खिडकी रिकामी राहू द्या

मंडळी, निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय 'रांगेचं गणित'. हे वाचून कोणी फिरकेल असं मला वाटलं नव्हतं. पण नागपुरात मे महिन्यात सभागृहाचा एसी चालू आहे अशी बातमी फुटली, की गणितालाही श्रोते मिळतात. (हशा) हसा, पण शेवटी एक समीकरण आहे. दारं बंद करायला सांगितली आहेत.

रांगेचं गणित मी शिकलो ते फेलरच्या पुस्तकातून. विल्यम फेलर मूळचे झाग्रेबचे, पुढे प्रिन्स्टनला प्राध्यापक. संभाव्यतेवरच्या त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९५० साली आला, दुसरा १९६६ साली. आम्हाला एम.एस्सी.ला पहिला खंड होता. सतरावं प्रकरण आलं की सर म्हणायचे, "हे सोडा, परीक्षेला येत नाही." रांगा त्याच प्रकरणात आहेत! जन्मभर ज्यात उभं राहायचं, तेवढंच नेमकं वगळलेलं. मग सुट्टीत, कूलरसमोर पानं फडफडू नयेत म्हणून पुस्तकावर पाट्यावरचा वरवंटा ठेवून, मी ते प्रकरण वाचलं. फेलरची खोड अशी की प्रमेय दोन ओळींत उरकतो आणि उदाहरणात रमतो. माझ्या व्याख्यानांबद्दलही लोक हेच म्हणतात, ते मी कौतुक समजतो.

या शास्त्राची सुरुवात मात्र फेलरच्या आधीची. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एरलांग नावाचे गणिती होते. किती लाइन ठेवल्या म्हणजे गिऱ्हाइकाला फार खोळंबावं लागणार नाही, हा त्यांचा प्रश्न. पहिला निबंध १९०९चा, प्रसिद्ध सूत्रं १९१७ची. इथल्या ज्येष्ठांनी ट्रंक कॉल लावलेत. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग. आणि लाइटनिंग लावूनही दुपार जायची. तेव्हा एरलांगची थोरवी तुम्हाला मी काय सांगावी.

आता माझं गाऱ्हाणं. नोव्हेंबरात आम्हा पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. मोबाइलवर होतं म्हणे, पण जन्मभर खडू धरून माझ्या अंगठ्याच्या रेषा झिजल्यात, यंत्राला मी जिवंत वाटत नाही. म्हणून बँकेत जातो. बँकेचं नाव घेणार नाही, पेन्शन तिथेच जमा होतं. (हशा) चार खिडक्या, चार रांगा. मी सर्वांत आखूड रांग धरली. पुढच्या गृहस्थांनी पिशवी उघडली आणि अख्ख्या खानदानाची पासबुकं बाहेर काढली. मागून एक बाई म्हणाल्या, "काय करून राहिले बाप्पा हे?" त्यांच्या मागचे काका धीर देत होते, "एवढा वेळ झाला, आता आटपतच आलं असेल."

इथे थांबतो, कारण काकांचं तर्कशास्त्र तपासायला हवं. फेलरच्या रांगेत प्रत्येकाच्या कामाला लागणारा वेळ ज्या वितरणाचा असतो, म्हणजे किती वेळ लागण्याची किती शक्यता हे जे सूत्र सांगतं, त्याला स्मरणच नसतं. अर्धा तास लागून गेला असला तरी उरलेल्या वेळाची सरासरी पहिल्या क्षणी होती तेवढीच. आटपत वगैरे काही आलेलं नसतं. मी हे काकांना समजावलं. ते दुसऱ्या रांगेत गेले.

तीही रांग आधी सरकली, हे सांगायला नकोच. पण त्यात दैवाचा कोप नाही. चारही रांगा सारख्या असतील तर माझीच सर्वांत आधी सुटण्याची शक्यता एक चतुर्थांश. चारातल्या तीन वेळा दुसरं कोणी तरी पुढे जाणारच, आणि आपण बघतो त्याच्याकडेच.

दुसऱ्या खंडाच्या पहिल्याच प्रकरणात तर फेलरने जखमेवर मीठ चोळलंय. समजा माझा आज अमुक वेळ गेला. उद्यापासून मी अंबाझरी तलावावर फिरायला येणाऱ्या एकेका पेन्शनरला विचारत सुटलो, तुमचा किती गेला? माझ्यापेक्षा जास्त वेळ गेलेला पहिला माणूस सरासरी कितवा भेटेल? शंभर जणांना विचारूनही माझाच वेळ सर्वांत जास्त निघण्याची शक्यता एकशेएकात एक, हजारांना विचारून एक हजार एकात एक. सरासरी काढायला असे सगळे अपूर्णांक मिळवत गेलात तर बेरीज कुठे थांबतच नाही. सरासरी अनंत! माझं दुर्दैव गणिताने सिद्ध झालं. आता रांगेतला प्रत्येक जण स्वतःबद्दल हेच सिद्ध करू शकतो, तो भाग वेगळा. घरी येऊन मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. ही म्हणाली, "मग विचारत बसू नका, आधी दळण आणा."

पण माझा खरा राग त्या पासबुकवाल्यांवर नाही. त्या दिवशी दोन नंबरच्या खिडकीपुढची रांग संपली, तिथल्या ताई जरा टेकल्या. लगेच साहेबांनी त्यांना उठवून आतल्या फायलींवर बसवलं. पाच मिनिटांत दारातून घोळका आला आणि तीन रांगा फाटकापर्यंत गेल्या. मी केबिनमध्ये गेलो. साहेब म्हणाले, "सर, माणूस रिकामा कसा बसवू? वर उत्तर द्यावं लागतं."

...चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, पत्रिकेत कबूल केलेलं सगळं आता भराभर.

एक खिडकी घ्या. माणसं येण्याच्या दराला काम उरकण्याच्या दराने भागा, जे येईल त्याला 'रो' हे ग्रीक अक्षर देतात. एकूण वेळाच्या एवढा हिस्सा खिडकी गुंतलेली असते. तीन माणसं असताना चौथं येण्याचा ओघ आणि चार असताना एक सुटण्याचा ओघ, हे दीर्घकाळात सारखे. म्हणून चार असण्याची शक्यता तीन असण्याच्या रो पट. प्रत्येक पायरीला तसंच, म्हणजे भूमिती श्रेणी, आणि तिथे उभ्या माणसांची सरासरी निघते रो भागिले (एक वजा रो). ८० टक्के गुंतलेल्या खिडकीपाशी सरासरी ४ माणसं. ९० टक्क्यांना ९. ९५ टक्क्यांना १९! शंभर टक्के म्हटलं की छेदात शून्य. साहेबांना वर उत्तर द्यायचंय ते हेच.

दुसरं, सतराव्या प्रकरणातलं पाल्म या स्वीडिश संशोधकाचं उदाहरण. इथे एम्प्रेस मिलच्या घरांतली मंडळी असतील, त्यांनी नीट ऐका. मशीन मधूनमधून बिघडतात, मिस्त्री दुरुस्त करतो; बिघाडाचा दर दुरुस्तीच्या दराच्या एक दशांश. सहा मशीनना एक मिस्त्री ठेवला तर मिस्त्री ४८ टक्के वेळ मोकळा, तरी मशीनचा साडेपाच टक्के वेळ दुरुस्तीची वाट बघण्यात जातो. वीस मशीनना तीन मिस्त्री मिळून ठेवले, म्हणजे माणशी काम वाढवलं, तर वाट बघणं उतरतं १.७ टक्क्यांवर. मिस्त्री तेव्हाही ४० टक्के मोकळेच! म्हणून रांग एकच हवी, जी खिडकी सुटेल तिथे पुढचा माणूस जाईल, आणि ताईंना बसू द्या.

रांगेतली माणसं आणि थांबण्याचा वेळ यांचं नातं सांगणारा लिटलचा नियम राहिला. रांगांचे प्रकार थोडक्यात लिहिण्याची केंडालची खूणपद्धत राहिली. अध्यक्ष घड्याळ बघतायत. प्रश्न असतील तर बाहेर विचारा, व्हरांड्यात दोन टेबलांवर चहा आहे. रांग एकच करा.