तीन आठवडे बसलेला घसा

नमस्कार श्रोतेहो.

कोपरखैरण्यात माझा कान-नाक-घशाचा दवाखाना आहे. माणूस आत येऊन "मॅडम" एवढंच म्हणतो आणि त्या एका शब्दावरून मला पुष्कळदा अंदाज येतो. आज तुमचं-माझं नातंही नुसत्या आवाजाचंच आहे, म्हणून आवाजाबद्दलच बोलते.

वाशीच्या मसाला मार्केटातले एक मुकादम माझ्याकडे आले होते. माथाडी टोळी सांभाळायची म्हणजे दिवसभर हाका मारायच्या. घसा दोन महिने बसलेला. म्हणाले, "मिरचीची पोती असतात ओ, खाट उडतो." त्या मार्केटात पाच मिनिटं उभं राहिलेल्या कुणालाही हे पटेल. खडीसाखर झाली, ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. मेडिकलवाल्यानं दोनदा गोळ्या दिल्या. शेवटी वहिनींनी धरून आणलं. त्या म्हणाल्या, "फोनवर हे बोलतायत का दुसरंच कोण, मला कळंना झालंय." वयाच्या अठराव्या वर्षापासून विडी आणि पुढे टपरीवरची सिगारेट, हे मी विचारल्यावर बाहेर आलं, तेही वहिनींच्या तोंडून.

आपण सरसकट 'घसा' म्हणतो, पण तिथे दोन वाटा फुटतात. मागची अन्नाची, पुढची श्वासाची. श्वासाच्या वाटेच्या तोंडाशी स्वरयंत्र असतं आणि त्यात दोन स्वरतंतू, लांबीला जेमतेम दोन सेंटिमीटर. छातीत जाणारा प्रत्येक झुरका या दोघांमधल्या फटीतूनच आत जातो आणि तिथूनच परत येतो. तंबाखूच्या धुरात हजारो रसायनं असतात. त्यातली 70च्या आसपास कर्करोग घडवणारी आहेत. वर्षानुवर्षं हा धूर लागून तिथलं नाजूक अस्तर जाड होतं, कधी त्यावर पांढरा चट्टा उमटतो. पेशींचं बिघडणं असं हळूहळू चाललेलं असतं आणि दुखत तर काहीच नाही.

मात्र स्वरतंतूवर सुरू झालेला कर्करोग लवकर चुगली करतो. तांदळाच्या दाण्याएवढी गाठ असली तरी तंतू नीट थरथरत नाही आणि आवाज घोगरा होतो. शिवाय रोगाच्या पेशी मानेच्या गाठींपर्यंत वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, म्हणजे रसवाहिन्या, तिथे कमी, त्यामुळे तो मानेच्या गाठींत उशिरा पसरतो. म्हणजे सूचनाही वेळेवर आणि सवडही भरपूर. आणि नेमकी हीच सूचना आपण खडीसाखर चघळून गप्प करतो! स्वरतंतूंच्या वर किंवा घशाच्या मागच्या भागात सुरू झालेला रोग एवढा सरळ नसतो. तिथे गिळताना अडकल्यासारखं होतं, कान ठणकतो आणि कानात तर काही सापडत नाही, किंवा दाढी करताना मानेला गाठ हाताला लागते. तोवर बराच उशीर झालेला असतो.

म्हणून आमचा हिशेब साधा आहे. सर्दी-पडशानं बसलेला घसा दोन आठवड्यांत सुटतो. तीन आठवडे उलटले आणि माणूस विडी-सिगारेट ओढणारा असला, तर दुर्बिणीनं बघायलाच हवं. दवाखान्यातल्या खुर्चीत बसूनच होतं ते, पाच-दहा मिनिटांत. संशय आला तर तुकडा काढून तपासायचा.

मुकादमांचा तुकडा कर्करोगाचाच निघाला, पण पहिल्या पायरीवरचा. या पायरीवर दहातले नऊ जण बरे होतात आणि आवाजही राहतो. टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोगाचं केंद्र आपल्या खारघरलाच आहे. तिथे मुकादमांनी साडेपाच आठवडे लाईट घेतले. किरणोपचारांना रुग्ण 'लाईट'च म्हणतात आणि आता मीही. त्या काळात ओढणं चालू ठेवलं तर उपचारांचा गुण कमी येतो, हे सांगितल्यावर वहिनींनी घरातली काडेपेटीसुद्धा देवघरात नेऊन ठेवली. उशीर झाला असता तर कदाचित स्वरयंत्रच काढावं लागलं असतं. मग मानेला भोक, त्यातूनच श्वास, आणि बोलायला नव्यानं शिकायचं.

"विडी पानाचीच ना, मग ती बरी?" हा प्रश्न मला ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या रुग्णांनी विचारलाय. नाही. विडी विझू नये म्हणून झुरके जास्त आणि जोरानं ओढावे लागतात, धूर आणखी आत जातो. सोबत दारू असेल तर दोघांचा धोका नुसता एकात एक मिळवून होत नाही, कितीतरी पट वाढतो. उलट सोडल्यावर पाच ते दहा वर्षांत घशाच्या कर्करोगाचा धोका जवळपास निम्म्यावर येतो. मुकादम तेव्हा 56 वर्षांचे होते. या वयात सोडून काय उपयोग, असं त्यांनाही वाटलं होतं.

एकट्यानं सोडणं जड जातं, त्यात लाज कसली? सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात. नंबर लिहून घ्या: 1800-11-2356. पुन्हा सांगते, 1800-11-2356. पेन हाताशी नसेल तर सिगारेटच्या पाकिटावर छापलेला आहे. एकेक सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हातात मात्र पाकीट येतच नाही. महाराष्ट्रात 2020पासून अशी सुटी सिगारेट विकायला बंदी आहे, तरी टपरीवर काय चालतं ते तुम्ही रोज बघता. तेव्हा उद्या टपरीवाल्याकडून नुसतं पाकीट मागून बघा आणि नंबर तेवढा उतरवून घ्या.

नमस्कार.